अमेरिकेतला सेल्स टॅक्स नंबर: एसएसएनच्या रकान्यात अडकलेला फॉर्म

कोल्हापुरी चपला पुण्यातून स्वतःच्या वेबसाइटवर विकतो. थोडा माल अमेरिकेतल्या एका राज्यात भाड्याच्या गोदामात ठेवला होता. माल तिथे असला की विक्री कितीही कमी असो, राज्याचा सेल्स टॅक्स लागू होतो. २०१८ च्या वेफेअर निकालात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने राज्यांना बाहेरच्या विक्रेत्यांकडूनही हा टॅक्स घ्यायची मुभा दिली; त्यानंतर आलेली ‘इतक्या विक्रीनंतरच टॅक्स’ ही मर्यादा राज्यात माल नसणाऱ्यांसाठी. हे मला उशिरा कळलं.

सेल्स टॅक्स नंबरसाठीचा राज्याचा ऑनलाइन फॉर्म मालकाच्या एसएसएनवर (अमेरिकेचा सोशल सिक्युरिटी नंबर) थांबायचा. नऊ शून्यं टाकली, पॅन टाकून पाहिला. तीच लाल ओळ. आठवडा असाच वाया गेला.

शेवटी जमलं ते या क्रमाने. आधी ईआयएन, म्हणजे अमेरिकेत व्यवसायाला मिळणारा कर-नंबर. व्यवसाय अमेरिकेबाहेर असेल तर आयआरएसचा (अमेरिकेचं केंद्रीय कर खातं) ऑनलाइन अर्ज चालत नाही, म्हणून एसएस-४ हा ईआयएनचा कागदी अर्ज भरून समोर ठेवला, ७बी ओळीत ‘फॉरेन’ लिहिलं आणि परदेशी अर्जदारांच्या नंबरवर फोन केला. हा नंबर टोल-फ्री नाही. ईआयएन फोनवरच मिळाला.

मग राज्याचा कागदी फॉर्म. एसएसएनचा रकाना कोरा, सोबत ‘परदेशी नागरिक, एसएसएन नाही’ असं एका ओळीचं पत्र आणि पासपोर्टची प्रत. परमिट, म्हणजे सेल्स टॅक्स नंबर, आल्यावरच वेबसाइटवर टॅक्स चालू केला. त्याआधी गिऱ्हाइकाकडून तो घ्यायचा नाही.

अ‍ॅमेझॉनसारख्या मार्केटप्लेसवरच्या विक्रीचा टॅक्स मार्केटप्लेसच भरतं. विक्री शून्य असली तरी रिटर्न मात्र भरावं लागतं.