दिवाळीत फराळाला जाताय? आधी भाकरी खाऊन जावा

आमच्या बेळगावात दिवाळीत कुणाच्या घरी गेलं की बशी समोर आलीच, आणि नको म्हटलं की काकू लगेच 'एवढं तरी खावा की ओ', मग चकली, करंजी, बेसनलाडू आणि वर आमच्याकडची दुधाची मिठाई कुंदा, अशी चार घरं झाली की कल्याण. म्हणून मी घरातनं निघतानाच अर्धी ज्वारीची भाकरी नि मुगाची उसळ खाऊन निघतो, पोट भरलेलं असलं की हात आपोआप आखडतो.

बशीतलं मनापासून आवडतं तेवढंच उचलायचं, बाकीचं 'मुलांसाठी बांधून द्या' म्हणायचं, कोणाला राग येत नाही. मी कुंदा सोडत नाही, खरं शंकरपाळी सोडतो, ती गप्पा मारता मारता मूठमूठ कधी जातात कळतच नाही.

तळणीचं जास्त नडतं बघा, 1 ग्रॅम साखरेत 4 कॅलरी तर 1 ग्रॅम तेला-तुपात 9. घरी चकली तळताना तेल नीट तापू द्या, कोमट तेलात चकली तेल पिते, हातात घेतली की बोटं चकचकीत होतात तीच ती. आणि डबे टीव्हीसमोर नकोत, फळीवर वर ठेवा, स्टूल घेऊन चढायचा कंटाळा येतोच.

जवळची घरं चालतच करा, तेवढ्यासाठी गाडी काढू नका, तसंही सणात खडेबाजारच्या गर्दीत पार्किंग कुठं मिळतंय.