विक्षिप्त इंडी-पॉप बँड कसा जमवायचा

सगळ्यात आधी, भारी वाजवणारे शोधत बसू नका, ज्यांच्याशी तासभर फालतू गोष्टीवर वाद घालता येतो असे दोघंतिघं धरा, वाजवणं नंतर सुधारतं. ड्रमर मिळत नाही म्हणून तर अजिबात अडून राहू नका. दे माइट बी जायंट्स हे अमेरिकन बँडवाले १९८२ मध्ये न्यूयॉर्कला सुरू झाले तेव्हा दोघंच होते, एक गिटारवाला, एक अकॉर्डियनवाला, बाकी ड्रम-बेस सगळं टेपवर, आणि पुढे नवीन गाणी चक्क आन्सरिंग मशीनवर टाकायचे, लोक फोन लावून ऐकायचे!

आता स्वभाव. गाणी लिहिणारा बहुतेक लहरीच निघतो, असू दे. पण एक तरी माणूस असा हवाच जो केबली मोजून बॅगेत भरतो आणि ग्रुपवर 'सात म्हणजे सात' टाकतो, नाहीतर बोऱ्या वाजलाच समजा. दोन लहरी चालतात, तीन नाही, हे आपलं माझं मत.

मेलोडिका (फुंकून वाजवायचा छोटा कीबोर्ड) असलं काही विचित्र घेतलंत तर मेन धून तिलाच द्या, नुसती फोटोपुरती नको. कपडे वगैरे नंतर बघा. गाणं कोणाच्या नावावर, पैसे कसे वाटायचे हे मात्र पहिल्या शोच्या आधीच लिहून ठेवा, दोस्त आहेत म्हणून लाजत बसू नका.