वाड्याचं न्हाणीघर उतरवायला जाताना

पाडकामाच्या ठेकेदाराशी करार झाला की वाड्यातलं तांबं-पितळ त्याचं, असंच धरून चाला. पाणी तापवायचा बंब, आंघोळीचं पाणी काढायची घंगाळं, नळ हे सगळं त्याच्या लेखी मोड, किलोच्या भावानं जाणारी. म्हणून करार व्हायच्या आधीच मालकाकडून, आणि वारस चार असतील तर चौघांकडून, काय काय नेणार ते कागदावर लिहून घ्या. "न्या हो, कोण विचारतंय" म्हणणारे काका सहीच्या वेळी हमखास गावाला गेलेले असतात. वाडा वारसा यादीत असेल तर आधी महापालिकेत विचारा, तोवर दगडाला हात लावायचा नाही.

पहार, छिन्नी, पाने, दोरखंड, पोती, हातमोजे. बॅटरी, कारण वीज तोडलेली असते. पाण्याचा मुख्य कॉक बंद आहे ना, तेवढं बघा.

आता बंब. बंब म्हणजे नुसतं तांब्याचं पिंप नव्हे. झाकण, धुराडं, राखेचं ताट हे सगळं सुटं असतं, आणि सुटी असते ती जाळी. ज्यात जळण पेटतं त्या मधल्या नळीच्या बुडाशी ती बिडाची गोल जाळी नुसती टेकवलेली असते. बंब हलवला की ती खाली राखेत पडते, आणि काळ्या राखेत काळी जाळी कुणाला दिसत नाही. मागच्या खेपेला मी झाकणसुद्धा जुन्या धोतरात गुंडाळून आणलं आणि जाळी तिथंच राहिली. परत गेलो तोवर जेसीबी फिरला होता. जाळी नसेल तर जळण थेट ताटात पडतं, खालून हवा लागत नाही आणि घरभर नुसता धूर होतो. सळ्या जोडून नवी करून घेऊ म्हणाल, तर फटी दाट झाल्या की राख अडते, विरळ झाल्या की निखारे गळतात. तेव्हा बंब उचलायच्या आधी खालून हात घाला, जाळी काढा, तारेनं बंबाच्या कडीला बांधा. मग उचला. सोबतच्या हमालालाही हे सांगून ठेवा, त्याला उचलायची घाई असते.

बंब रिकामा करणं हे वेगळं काम आहे. बहुतेक बंबांत नरसाळ्यातून ओतलेलं गार पाणी तळाशी जातं आणि तेवढंच कढत पाणी वरच्या तोटीतून बाहेर पडतं. म्हणजे तोटीतून तो कधीच पुरता रिकामा होत नाही, उलटा करावा लागतो. उलटा करण्याआधी जाळी काढली का? विचारतोय, कारण नळीतून ती पायावर येते.

घंगाळाच्या कड्या हलवून बघा. पितळेवर तांबूस चट्टे असतील तर तिथलं जस्त निघून गेलंय, पत्रा ठिसूळ झालाय. असं घंगाळ शोभेला ठेवा, पाणी भरून उचलू नका. न्हाणीचा काळा दगड हवा असेल तर आधी माप घ्या: तीन फूट बाय दोन फूट, चार इंच जाड म्हणजे दीडशे किलोच्या वर. तो पहारीनं आणि पाचरीनं सुटतो, घण घातलात तर दोन दगड घरी न्याल. जिना उतरून दरवाज्यातून जातो का, हे दगड सोडवायच्या आधी बघायचं.

घरी आणल्यावर बंब पॉलिशवाल्याच्या चक्रावर देऊ नका. मठारकामाचे, म्हणजे हातोडीनं घडवलेले, ठोके गुळगुळीत झाले की परत येत नाहीत. बाहेरून चिंच-मीठ किंवा पितांबरी पुरते. आतल्या क्षारांच्या थरासाठी कोमट पाण्यात लिंबूफूल, रात्रभर. मग पाणी भरून कोरड्या कागदावर ठेवा, गळती कुठे आहे ते कागद सांगतो. गळत असेल तर तांबटाकडे न्या (पुण्यात कसब्यातली तांबट आळी आहेच), घरी लांबी (पुट्टी) थापत बसू नका. जाताना जाळीही न्या, बसते की नाही तिथंच बघून घ्या.

सांधे जोडायचा डाख कथील-शिशाचा असेल तर तो 183 अंशांपासून वितळू लागतो. पाणी आहे तोवर पत्रा शंभराच्या आसपास राहतो, म्हणून सांधे टिकतात. आधी पाणी, मग विस्तव. उलटं केलंत तर सांधे सुटतात आणि तांबट दुसऱ्यांदा हसतो. शिसं आहे म्हणून ते पाणी आंघोळीलाच, चहाला नाही.

नरकचतुर्दशीला पेटवायचा हट्ट असेल तर अंगणात किंवा गच्चीवर. फ्लॅटच्या बंद बाथरूममध्ये कधीच नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणसं मरतात. वापर झाला की उलटा करून कोरडा करा. कल्हई नको, त्यात स्वयंपाक करायचा नाहीये. पितळी नळांना नव्या वायसर घाला, जुन्या चामड्याच्या वाळून गेलेल्या असतात.