नवा बॉलिंग बॉल घेण्याआधी या चुका टाळा: टेनपिनमध्ये बॉलचा वाटा किती, हाताचा किती

टेनपिन, म्हणजे दहा पिनांच्या बॉलिंगमध्ये, लीगमधली दर गेमची सरासरी १५०च्या आसपास अडकली की बहुतेकांची नजर प्रो शॉपमधल्या, म्हणजे बॉलिंगच्या साहित्याच्या दुकानातल्या, नव्या बॉलकडे वळते. आमचं मत आधीच सांगतो. स्ट्राइक, म्हणजे पहिल्याच थ्रोला दहाही पिना, किती पडतील, यात बॉलचा वाटा खरोखर मोठा आहे. पण सरासरी १८०च्या खाली असेल तर गुण गळतात ते सुटलेल्या स्पेअरमध्ये (उरलेल्या पिना दुसऱ्या थ्रोला पाडणं म्हणजे स्पेअर), हाताला न बसणाऱ्या अंगठ्याच्या छिद्रात आणि लेनवरचं तेल प्यायलेल्या बॉलच्या पृष्ठभागावर. बॉल कितीही महागाचा घेतला तरी ही गळती थांबत नाही. खाली दिलेल्या सगळ्या दिशा उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहेत. डावखुऱ्यांनी त्या उलट वाचाव्यात.

चूक: हात न तपासता बॉलला दोष देणे

फाउल लाइनपासून, म्हणजे जिच्या अलीकडून बॉल सोडायचा त्या रेषेपासून, पहिली पिन ६० फुटांवर असते. लेन ३९ बोर्डांची, म्हणजे उभ्या पट्ट्यांची, असते आणि एक बोर्ड एक इंचाहून किंचित रुंद. लेनवरचे बाण साधारण १२ ते १६ फुटांवर असतात. फाउल लाइनवर बॉल एकाच जागी ठेवला आणि बाणापाशी एका बोर्डाने चुकला, तर सरळ जाणारा बॉल पिनांपाशी सुमारे चार बोर्डांनी चुकतो. पॉकेट (पहिली आणि ३ नंबरची पिन यांच्यामधली जागा) आणि पहिल्या पिनेचं नाक, म्हणजे तिचा समोरचा मध्य, यांच्यात एवढंही अंतर नसतं.

म्हणून खरेदीआधी ही चाचणी करा. तेल नुकतंच घातलेली लेन मिळाली तर उत्तम. दहा थ्रो एकाच जागेवरून, एकाच बाणावर टाका. मागे उभ्या असलेल्या मित्राने बॉल बाणापाशी कुठल्या बोर्डावरून गेला ते दर वेळी लिहायचं. पिना किती पडल्या ते लिहायचंच नाही. मित्र नसेल तर ॲप्रोचच्या, म्हणजे पावलं टाकत येण्याच्या जागेच्या, बरोबर मागे स्टँडवर फोन लावून चित्रण करा. प्रत्येक थ्रोचा वेग पडद्यावर दिसत असेल तर तोही टिपून ठेवा.

दहापैकी आठ थ्रो तीन बोर्डांच्या पट्ट्यात आले आणि वेगही फारसा हलला नाही, तर बॉलबद्दल विचार करायला तुमच्याकडे आधार आहे. पट्टा सात-आठ बोर्डांचा निघाला, तर जोरात वळणारा नवा बॉल नुकसानच करेल: हातातली प्रत्येक चूक तो शेवटच्या वीस फुटांत वाढवून दाखवतो. अशा वेळी पैसे चार-पाच कोचिंग सत्रांवर घाला. वेग डगमगण्याचं नेहमीचं कारण म्हणजे हात स्वतःच्या वजनाने न झुलवता खांद्याने ढकलणे. सरकतं शेवटचं पाऊल आणि सुटणारा बॉल यांचा मेळ बसला की पट्टा बराच अरुंद होतो.

चूक: स्पेअर सोडून स्ट्राइकच्या मागे लागणे

हिशेब करून बघा. दहाही फ्रेममध्ये, म्हणजे गेममधल्या पाळ्यांमध्ये, पहिल्या थ्रोला नऊ पिना पडल्या आणि उरलेली एक दर वेळी सुटली, तर स्कोअर ९०. तीच एक पिन दर वेळी पाडली आणि शेवटच्या जादा थ्रोलाही नऊ पडल्या, तर १९०. पूर्ण गेममध्ये एकही स्ट्राइक नाही आणि फरक १०० गुणांचा! हा फरक कुठल्याही कव्हरस्टॉकमध्ये, म्हणजे बॉलच्या बाहेरच्या आवरणात, मिळत नाही.

कोपऱ्यातल्या पिना, त्यातही उजव्या कोपऱ्यातली १० नंबरची, वळणाऱ्या बॉलने पाडायला जाणं ही सर्वांत महागडी सवय. उजव्या कडेला तेल कमी असतं, तिथे रिॲक्टिव्ह बॉल (तेल शोषणाऱ्या रेझिनच्या आवरणाचा) पकड घेऊन आत वळतो आणि पिनेच्या डावीकडून निघून जातो. यावर उपाय पॉलिएस्टरचा, म्हणजे साध्या प्लॅस्टिकचा बॉल. तो तेलावर आणि कोरड्यावर जवळपास सारखाच सरळ जातो. १० नंबरच्या पिनेसाठी डाव्या बाजूला उभं राहा, लेन तिरकी ओलांडू द्या आणि मनगट सरळ ठेवून बोटं न फिरवता बॉल सोडा.

डावीकडच्या पिनांसाठी ३-६-९ ही जुनी पद्धत अजूनही उत्तम चालते. लक्ष्याचा बाण स्ट्राइकचाच ठेवायचा आणि पाय उजवीकडे सरकवायचे: २ नंबरच्या पिनेसाठी ३ बोर्ड, ४ साठी ६, ७ साठी ९. पाय सरकवले की खांदेही बाणाकडे वळवा. हे विसरलं की बॉल समांतर रेषेत जातो आणि पद्धतीला उगाच नावं ठेवली जातात.

तेव्हा कुणी आमचा सल्ला घेतलाच तर पहिला स्वतःचा बॉल म्हणून आम्ही हाताला नीट बसवलेला प्लॅस्टिक बॉल सुचवू. दुसरा मध्यम ताकदीचा रिॲक्टिव्ह.

चूक: हाताला न बसणारा बॉल दाबून धरणे

मॉलमधल्या लेनवर ठेवलेले बॉल बहुधा प्लॅस्टिकचे असतात आणि कोणाच्याही हाताला चालावेत म्हणून त्यांची छिद्रं सैल पाडलेली असतात. सैल छिद्रातून बॉल निसटू नये म्हणून माणूस अंगठा आत वाकवतो. वाकवलेला अंगठा उशिरा सुटतो, बॉल ओढला जाऊन डावीकडे जातो किंवा धपकन लेनवर आपटतो. अंगठ्याच्या सांध्यामागे घट्टा पडला असेल तर तुम्ही बॉल दाबून धरता याची ती खूण आहे.

तिथला बॉल निवडताना अंगठा पूर्ण आत घाला आणि मधली दोन बोटं छिद्रांवर नुसती आडवी टाका. बोटांच्या मधल्या सांध्याची रेघ छिद्राच्या आतल्या कडेच्या पाव इंच पुढे यायला हवी. अंगठा आत फिरवला की हलका स्पर्श जाणवावा, ओढताना अडकू नये. वजनाची घाई करू नका. १२ पौंड म्हणजे जवळपास साडेपाच किलो. सरळ हाताने झुलवताना खांदा खाली ओढला जात असेल तर एक पौंड उतरा. स्वतःच्या मापाचा बॉल दाबून धरावा लागत नाही, म्हणून तो एक-दोन पौंड जड असला तरी हलका वाटतो. नियमाने कमाल वजन १६ पौंड आहे, पण कित्येक व्यावसायिक खेळाडूही आज १५ पौंडांचाच बॉल वापरतात.

मापाचा बॉल बनवल्यावरही अंगठा दिवसागणिक बदलतो. उकाड्यात आणि दोन-तीन गेमनंतर तो सुजतो, थंड एसीत आकसतो. म्हणून छिद्र किंचित मोठं ठेवून आत बॉलिंगच्या टेपचे दोन-तीन तुकडे लावतात. अंगठा अडकू लागला की एक काढायचा, सैल वाटला की एक चिकटवायचा. बॉल अचानक ‘बिघडला’ असं वाटतं, त्या तक्रारींतल्या पुष्कळ या एका तुकड्याने मिटतात.

चूक: पृष्ठभागाकडे दुर्लक्ष

इथे जरा थांबू, कारण ‘माझ्या बॉलमध्ये आता दम राहिला नाही’ या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं. अमेरिकेच्या यूएसबीसी या नियामक संस्थेने बॉलच्या हालचालीचा जो मोठा अभ्यास केला, त्यात सर्वाधिक प्रभाव कोअरचा, म्हणजे बॉलच्या आतल्या गाभ्याचा, नव्हे, तर पृष्ठभागाचा खरखरीतपणा आणि त्याची तेल शोषण्याची क्षमता यांचा दिसला. जाहिरातीत मात्र कापलेल्या बॉलमधला चमत्कारिक आकाराचा कोअर आधी दाखवतात.

रिॲक्टिव्ह रेझिनच्या पृष्ठभागाला अतिसूक्ष्म छिद्रं असतात. ती तेल शोषतात, म्हणूनच कोरड्या भागात बॉल पकड घेतो. छिद्रं तेलाने भरली की पकड जाते. शिवाय लेनवर घासून खरखरीतपणा थोड्याच गेममध्ये गुळगुळीत होतो. नव्या बॉलने पहिल्या महिन्यात स्कोअर वाढतो आणि मग उतरतो, याचं मोठं कारण हेच. नवा बॉल म्हणजे खरं तर नवा, स्वच्छ पृष्ठभाग!

काळजी अशी घ्या. प्रत्येक थ्रोआधी, लेनवरून घरंगळताना बॉलवर उमटलेली तेलाची वर्तुळं मायक्रोफायबर कापडाने कोरडी पुसा. खेळ संपल्याबरोबर, बॉल गरम आहे तोवर, बॉल क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण पृष्ठभाग पुसून काढा. घरी जाईपर्यंत थांबलात तर तेल आत मुरतं. ॲसिटोन वापरू नका. यूएसबीसीच्या नियमांखालची लीग असेल तर स्पर्धा चालू असताना द्रव क्लीनर चालत नाही, फक्त कोरडं कापड चालतं.

साधारण ५० ते ६० गेमनंतर मुरलेलं तेल बाहेर काढावं लागतं. प्रो शॉपमध्ये त्यासाठी यंत्र असतं. घरी करायचं तर छिद्रं जलरोधक टेपने बंद करा, बादलीत नळाचं सुमारे ५० अंश सेल्सिअस तापमानाचं पाणी घ्या, भांड्यांच्या साबणाचे काही थेंब टाका आणि बॉल वीसेक मिनिटं बुडवून ठेवा. पृष्ठभागावर तेलाचे बारीक थेंब दिसले की पुसा, पाणी बदला, पुन्हा बुडवा. उकळतं पाणी, ओव्हन किंवा डिशवॉशर कधीही नको, बॉल तडकतो. वॉरंटी चालू असेल तर उत्पादकाची सूचना आधी वाचा.

त्यानंतर पृष्ठभाग घासून परत उघडायचा. ओल्या ॲब्रालॉन पॅडने (हे पॉलिशपेपरसारखं घासायचं पॅड) ५०० किंवा १००० ग्रिटपासून, म्हणजे खरखरीतपणाच्या अंकापासून, सुरुवात करून हव्या त्या ग्रिटपर्यंत जायचं. बॉलचे सहा भाग कल्पून प्रत्येक भाग सारख्या दाबाने आणि सारखा वेळ घासा. फक्त तेलाची वर्तुळं उमटतात त्या भागापुरतं घासणं नियमातही बसत नाही आणि बॉलचं वळणही बेभरवशाचं होतं. अंक लहान तितका पृष्ठभाग खरखरीत आणि बॉल तितका लवकर वळतो. १००० ग्रिटवरचा बॉल ४००० वर नेला की तोच बॉल वेगळा वागतो. नव्या बॉलच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे.

‘हातच सगळं करतो’ हीसुद्धा चूक

पॉकेटमध्ये, म्हणजे साडेसतराव्या बोर्डावर, सुमारे ६ अंशांच्या कोनात शिरणारा बॉल स्ट्राइकला सर्वांत अनुकूल. उजव्या कडेच्या पहिल्या बोर्डावरून अगदी सरळ रेषेत टाकला तरी कोन दीड अंशाच्या आतच राहतो. बाकीचा कोन बॉलच्या वळण्यातून येतो, आणि वळायला पकड लागते. प्लॅस्टिकवर ही पकड फार थोडी. १९८०च्या दशकात युरेथेनचं आवरण आणि १९९०च्या सुरुवातीला रिॲक्टिव्ह रेझिन आलं, तशी ती वाढत गेली. हात तोच ठेवून कोन वाढला, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण तिसरा भागीदार लेनवरचं तेल. एका लेनवर जेमतेम २० ते ३० मिलिलीटर तेल असतं, तरी ते कुठे किती पसरलंय यावर स्कोअर फिरतो. नेहमीच्या पॅटर्नमध्ये मधे जास्त आणि कडेला कमी तेल असतं, त्यामुळे बाहेर गेलेला बॉल परत येतो आणि आत राहिलेला घसरून टिकतो. १ जुलै १९८२ रोजी कॅलिफोर्नियात ग्लेन ॲलिसनने सलग तीन गेम ३००चे टाकले, ३६ स्ट्राइक! लेनची स्थिती नियमात बसत नाही म्हणून तेव्हाच्या नियामक संस्थेने त्या ९०० गुणांना मान्यता दिली नाही. तेव्हा रिॲक्टिव्ह बॉल यायला अजून बरीच वर्षं होती.

चूक: सर्वांत जोरदार बॉल विकत घेणे

मॉलच्या लेनवर तेल कमी असेल किंवा दिवसभराच्या खेळाने उडालं असेल, तर खरखरीत सॉलिड कव्हरचा (लवकर पकड घेणाऱ्या आवरणाचा) जोरदार बॉल बाणांपाशीच वळू लागतो आणि पिनांपर्यंत ताकद संपवतो. याची खूण १० नंबरच्या पिनेत दिसते. पॉकेट बरोबर लागूनही ६ नंबरची, म्हणजे १० च्या लगेच पुढची, पिन १० समोर गटरमध्ये मलूल पडली, तर बॉल एकतर लवकर वळून थकलाय किंवा वळलाच नाही. वळण कुठे सुरू झालं ते पाहा. लवकर वळत असेल तर डावीकडे सरका किंवा गुळगुळीत पृष्ठभागाचा पर्ल बॉल घ्या. उशिरा वळत असेल तर पृष्ठभाग खरखरीत करा किंवा वेग थोडा कमी करा. ६ नंबरची पिन जोरात १० च्या मानेभोवती फिरून गेली असेल तर बॉल ठीक आहे. पाय एखादा बोर्ड हलवून बघा.

गेम पुढे सरकतो तसं बॉल तेल शोषत जातात आणि पॉकेटऐवजी बॉल डावीकडे नाकावर जाऊ लागतो. चूक ज्या दिशेला, पाय त्याच दिशेला: दोन बोर्ड डावीकडे पाय, एक बोर्ड डावीकडे लक्ष्य. हे न करता बॉल बदलणारे पुष्कळ दिसतात.

जुना बॉल घेत असाल तर त्याची छिद्रं मोजा. पकडीत न वापरलं जाणारं तोल साधण्याचं जादा छिद्र १ ऑगस्ट २०२० पासून यूएसबीसीच्या स्पर्धांत चालत नाही; ते बुजवून घ्यावं लागतं. पकड बदलायची म्हणून बहुधा बाकीची छिद्रंही बुजवून पुन्हा ड्रिल करावी लागतात, तेव्हा तो खर्च किमतीत धरा. जुन्या छिद्रांमधल्या अरुंद भागावर केसासारखी चीर दिसते का, तेही प्रकाशात तपासा.

ड्रिलिंगआधी तुमचा वेग, बॉल किती फिरतो आणि तुमचा पीएपी, म्हणजे सुटताना बॉल ज्या अक्षावर फिरतो तो बिंदू, हे ड्रिलरने दोन-तीन थ्रो पाहून मोजायला हवं. हात नुसता टेबलावर मोजून छिद्रं पाडणारा असेल तर दुसरा शोधा. बॉल मिळाल्यावर ताज्या तेलावर एकदा टाका आणि परत आल्यावर वर्तुळं पाहा. ती एकमेकांपासून सुटी असावीत आणि छिद्रांवरून जाऊ नयेत. बॉल लेनवर टकटक आवाज करत जात असेल तर वर्तुळ छिद्रावरून जातंय. त्याच दिवशी ड्रिलरकडे परत न्या.