जुन्या ट्रॅक्टरचा सेल्फ उचलत नाही? नवी बॅटरी आणण्याआधी या चुका टाळा

बी-275 असो, जुना मॅसी असो की 735 स्वराज, सकाळी ‘कट’ असा एक आवाज करून ट्रॅक्टर गप्प बसला की मालकाचं वाक्य ठरलेलं: “बॅटरी गेली.” लगेच नवी बॅटरी येते. ती ताकदीची असते, त्यामुळे काही दिवस वाटेतला दोष झाकून नेते. मग पुन्हा ‘कट’. मग सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर, उतरवून रिपेरीला. खरा दोष या सगळ्यात जागचा हललेला नसतो.

आधी एक भानगड मिटवू. सेल्फ जोमात फिरतोय, इंजिन गरगरतंय, पण लागत नाही, तर वायरिंगला हात लावू नका. डिझेलला हवा धरली असेल, फिल्टर चोक असेल, नाहीतर इंजिन बंद करायचा नॉब ओढलेलाच राहिला असेल. हसू नका. लांबून मेकॅनिक बोलावून तो नॉब आत ढकलून घेणारी माणसं मी पाहिली आहेत.

अर्थिंगकडे न बघणं

माझ्या मते ही सगळ्यात महागडी चूक. प्लसची केबल सगळे बघतात, हलवतात, घासतात. मायनसकडे, म्हणजे ट्रॅक्टरच्या अंगाला जोडलेल्या अर्थच्या केबलकडे, कुणी ढुंकून पाहत नाही. अरे, जितका करंट जातो तितकाच परत यायला हवा ना? डिझेल इंजिन फिरवताना सेल्फ दोन-तीनशे अँपिअर सहज ओढतो. तो सगळा त्या एका अर्थच्या बोल्टमधून परततो.

शेजारच्या गावात एका बी-275 वर ही चूक फार महागात पडली. ऊसतोड चालू, टोळी फडात, ट्रॉली भरून उभी आणि ट्रॅक्टर ‘कट’. बॅटरी नवी घेतलेली. तालुक्याच्या गॅरेजात सेल्फ खोलून कार्बन, बुश सगळं नवं टाकलेलं. तरी रोज चार माणसं धक्का मारायला लागायची. मालक म्हणाला, “सेल्फच्या आतलं आर्मेचरच बदला आता.” मी म्हटलं, थांबा, आधी मीटर लावू.

बॅटरीच्या खुंट्यांवर 12.6 व्होल्ट. म्हणजे बॅटरी भरलेली. सेल्फ दाबायला लावला, खुंट्यांवर 11.4 उरले, म्हणजे बॅटरी ठणठणीत. पण सेल्फवर जेमतेम साडेआठ. मधले व्होल्ट गेले कुठे? मीटरची लाल पिन सेल्फच्या अंगावर आणि काळी पिन बॅटरीच्या मायनस खुंटीवर धरली. खुंटीवरच, क्लॅम्पवर नाही. पुन्हा सेल्फ दाबला. मीटरने 2.6 दाखवले. इथे अर्ध्या व्होल्टच्या वर आलं की अर्थ खराब, एवढं सरळ आहे.

अर्थचा बोल्ट खोलला तर लगच्या, म्हणजे केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या, खाली चकचकीत लाल रंग! दसऱ्याला ट्रॅक्टर रंगवून घेतला होता. रंगवणाऱ्याने बॅटरीची पेटी काढली, ब्रॅकेटवर दोन हात मारले आणि केबल परत त्याच रंगावर आवळली. बोल्टच्या आट्यांतून जो काय थोडा करंट जाईल तेवढ्यावर ट्रॅक्टर चालला होता. रंग खरवडला, लग पॉलिश पेपरने घासला, स्टार वॉशर टाकला, बोल्ट आवळून वरून व्हॅसलीन चोपडलं. सेल्फ असा उचलला की मालक दोन पावलं मागे सरला.

माझी सवय सांगतो. जुना ट्रॅक्टर हाती आला की अर्थची केबल पेटीवरून काढून मी थेट गिअरबॉक्सच्या किंवा सेल्फच्या बोल्टवर नेतो. ट्रॅक्टरला ट्रकसारखी चासी नसते. इंजिन आणि गिअरबॉक्स हीच त्याची बॉडी. पत्र्याच्या ब्रॅकेटवर भिस्त कशाला? केबल निदान 35 चौरस मिलिमीटरची, जमल्यास 50 ची. लगमध्ये बसत नाही म्हणून निम्म्या तारा कापणाऱ्यांना मी केबल विकलीच नसती.

पाना लावून सेल्फ मारणं

सोलेनॉइडच्या (सेल्फला करंट सोडणाऱ्या स्विचच्या) दोन जाड खुंट्यांवर पाना किंवा स्क्रू-ड्रायव्हर टेकवायचा आणि सेल्फ फिरवायचा. नव्या पोरांना यात मोठी मर्दुमकी वाटते. असं करताना माणूस उभा कुठे असतो? जमिनीवर, मागच्या मोठ्या चाकाच्या पुढ्यात. ट्रॅक्टर गिअरमध्ये असला तर इंजिन लागता क्षणी चाक अंगावर येतं. पळायला वेळ मिळत नाही. गिअर टाकलेला असताना सेल्फ फिरू न देणारा न्यूट्रलचा स्विच असलाच तरी पान्याने तो कधीच वगळलेला असतो. या ‘युक्ती’ने माणसं मेलेली आहेत.

आणि गरजही नाही. स्वस्तातल्या टेस्ट लॅम्पने तेवढंच कळतं. ट्रॅक्टर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. लॅम्पचा चिमटा अर्थला, टोक सोलेनॉइडच्या बारीक तारेच्या खुंटीला, आणि सीटवर बसलेल्या माणसाने चावी फिरवायची. दिवा लागला आणि सोलेनॉइड गप्प, तर सोलेनॉइड गेला. दिवाच लागला नाही, तर चावीचा स्विच, न्यूट्रलचा स्विच किंवा मधली वायर बघा. उंदरांनी वायर कुरतडली असेल तर तीही इथेच सापडते.

बाकीच्या, थोडक्यात

ट्रकच्या दोन बॅटऱ्या जोडून 24 व्होल्ट देऊ नका. सेल्फची कॉइल आणि फ्लायव्हीलच्या रिंगचे दाते दोन्ही खाल.

सेल्फ एका दमात दहा सेकंदांच्या वर दाबू नका, मग मिनिटभर थांबा. धीर नसेल तर बैलजोडी घ्या.

बॅटरीत पाणी कमी झालं की डिस्टिल्ड वॉटरच घाला. ॲसिड नको, बोअरचं पाणी तर नकोच.

सेल्फ घों करून नुसताच फिरतो? बेंडिक्स (सेल्फचं, रिंगच्या दात्यांत अडकणारं दातेरी चाक) अडकलाय किंवा रिंगचे दाते गेलेत. बॅटरीचा काही दोष नाही.

रोज चार्जिंगला न्यावी लागते? इंजिन रेसवर ठेवून बॅटरीवर मीटर लावा. अल्टरनेटर असेल तर 14 च्या आसपास दिसायला हवं.

केबल सोडताना अर्थ आधी, लावताना अर्थ शेवटी.

आणि गोठ्यात एखादा ब्रिटिश फोर्डसन मेजर किंवा जुना फर्ग्युसन उभा असेल तर केबल जोडण्याआधी नीट पाहा. त्यांत मुळात प्लस अर्थ असायचा. बॅटरीवाला सवयीने मायनस अर्थ करून मोकळा होतो आणि चूक लगेच कळतही नाही, कारण सेल्फ उलट्या जोडणीतही सरळच फिरतो. पुढे कुणी अल्टरनेटर बसवलेला असेल तर त्याचे डायोड मात्र तिथल्या तिथे जळतात. अशा ट्रॅक्टरच्या पेटीच्या झाकणावर रंगाने मोठं ‘प्लस अर्थ’ लिहून ठेवा. आज भाऊ चालवतो, उद्या ड्रायव्हर बदलतो. प्रत्येकाला तोंडी सांगत बसणार का?