अंगठा लावण्याआधी : शिधापत्रिकेवरचे धान्य आणि आधारचा ठसा कसा जपावा

रेशन दुकानातल्या मशीनने ठसा जुळत नसल्याचे दाखवले, की आमच्या बंदरावरच्या बायका पदराला अंगठा पुसून तो पुन्हा काचेवर ठेवतात. दिवसभर कोळंबी सोलून आणि बर्फात हात घालून ज्यांच्या बोटांवरच्या रेषा पुसट झाल्या आहेत, त्यांना दोन-तीनदा अंगठा द्यावा लागणे यात नवे काही नाही. काजूच्या कारखान्यात टरफलाच्या तेलाने ज्यांच्या बोटांची सालपटे निघतात, त्यांचेही तेच होते. चौथ्या वेळी दुकानदार म्हणतो, "आजी, आज मशीन घेत नाही, उद्या या," आणि आजी रिकामी पिशवी घेऊन पाखाडी चढू लागते. त्या चार खेपांपैकी एखाद्या खेपेस ठसा जुळून धान्याची नोंद झाली होती की काय, हे तिला त्या क्षणी कळण्याचे साधन एकच असते, ते म्हणजे मशीनमधून निघणारी पावती. शिधापत्रिकेवरच्या धान्याची चोरी आज बहुधा या अंगठ्याच्या आणि पावतीच्या मधल्या जागेत होते, म्हणून काळजी तिथेच घ्यावी लागते.

पूर्वी कार्डाचे पुस्तक हीच किल्ली होती, आणि ज्याच्या हाती पुस्तक त्याच्या हाती धान्य असा व्यवहार होता. आता कार्डाला बारा अंकी क्रमांक असतो, कार्डावरील प्रत्येक नाव आधारशी जोडलेले असते, आणि त्यांपैकी कोणाही एकाचा ठसा ई-पॉस मशीनवर जुळला की साऱ्या कुटुंबाचे त्या महिन्याचे धान्य उचलता येते. पुस्तक हरवले तर त्रास होतो हे खरे, परंतु नुसते पुस्तक चोरून कोणाला तांदूळ मिळत नाही. तरीसुद्धा 'दर वेळी आणायला नको' म्हणून कार्ड दुकानातच ठेवून घेण्याची पद्धत अनेक ठिकाणी चालू आहे. धान्य दिल्यानंतर दुकानदाराने कार्ड स्वतःकडे ठेवू नये असा नियम आहे. तेव्हा ते परत मागण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही, मग दुकानदार नात्यातला असला तरीही.

दुकानात जाण्यापूर्वी आपला हक्क किती किलोंचा आहे, याचा हिशेब घरीच करून ठेवावा. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, 2013 नुसार अंत्योदय (म्हणजे सर्वांत गरीब कुटुंबांच्या) कार्डाला कुटुंबात माणसे कितीही असली तरी महिन्याला 35 किलो धान्य मिळते, तर प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो. म्हणजे प्राधान्य कार्डावर पाच नावे असतील तर 25 किलो. त्यात तांदूळ किती आणि गहू किती, हे दुकानाबाहेरच्या फलकावर लिहिलेले असायला हवे. हे धान्य 1 जानेवारी 2023 पासून मोफत आहे, आणि 1 जानेवारी 2024 पासून पुढील पाच वर्षे ते तसेच मोफत राहील असा केंद्र सरकारचा निर्णय आहे. त्यामुळे या गहू-तांदळासाठी हमाली, वाहतूक किंवा आणखी कोणत्या नावाने पाच-दहा रुपये मागितले गेले, तर ती मागणीच बेकायदा ठरते. आपल्या एकूण किलोंचा आकडा कार्डाच्या आतल्या बाजूस पेनने लिहून ठेवावा, म्हणजे घरातले कोणीही दुकानात गेले तरी त्याला तो ठाऊक असतो. 'फुकटचे आहे, मिळेल तेवढे घ्यावे' हे वाक्य कोकणात फार ऐकू येते, आणि मापात मारणाऱ्याला त्याच्याइतकी दुसरी सोय नाही.

काउंटरवर एकच गोष्ट आग्रहाने पाळावी : अंगठा, वजन आणि पावती या तिन्ही गोष्टी एकाच फेरीत झाल्या पाहिजेत. 'आज अंगठा देऊन जा, माल सोमवारी येईल' असे सांगितले गेले, तर सोमवारीच अंगठा देऊ असे शांतपणे म्हणावे. हे मी आमच्या घरच्या अनुभवावरून लिहितो. एका पावसाळ्यात आमच्या आईने असाच आगाऊ अंगठा दिला, कारण गोदामातून गाडी आली नव्हती आणि दुकानदार ओळखीचा होता. आठ दिवसांनी ती गेली तेव्हा तिला सांगण्यात आले की तुमचे धान्य घेऊन झाले आहे. पावती तिने घेतली नव्हती. महाईपॉस या शासकीय संकेतस्थळावर कार्डाचा बारा अंकी क्रमांक घालून पाहिले, तर ज्या दिवशी ती रिकाम्या हाताने परतली होती, त्याच दिवशी पूर्ण 20 किलो दिल्याची नोंद तिथे होती. त्या नोंदीची प्रत जोडून लेखी अर्ज केल्यावर धान्य मिळाले, पण त्यासाठी तालुक्याला तीन खेपा घालाव्या लागल्या.

पावती मिळाली की तिथेच उभे राहून ती वाचावी. कार्डाचा क्रमांक, तारीख आणि प्रत्येक धान्याचे वजन एवढे तरी आपल्या पिशवीशी ताडून पाहावे. पावतीवर 25 आणि काट्यावर 23 असे असेल, तर हरकत तिथे आणि तेव्हाच घ्यावी, कारण घरी जाऊन परत आलेल्या माणसाला 'वाटेत सांडले असेल' हे उत्तर तयार असते. काटा आपल्या बाजूला वळवून ठेवायला सांगावे आणि रिकामे भांडे ठेवल्यावर तो शून्य दाखवतो ना, हे धान्य ओतण्याआधी पाहावे. ही पावती उष्णतेवर छापलेली असल्यामुळे तिची अक्षरे काही आठवड्यांत उडून जातात, आणि आपल्याकडच्या दमट हवेत कपाटात ठेवलेली पावती गणपतीपर्यंत कोरी होते; म्हणून तिचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवावा. पावसाळ्यापूर्वी कधी कधी पुढच्या महिन्यांचे धान्य एकदम दिले जाते. 2025 मध्ये जून ते ऑगस्टचे धान्य आगाऊ वाटण्याचा निर्णय झाला होता. अशा वेळी अंगठा एकाहून अधिक वेळा द्यावा लागला, तर प्रत्येक वेळचा महिना कोणता हे विचारून महिनावार पावती मागून घ्यावी. नाही तर दोन महिन्यांचे धान्य घेऊन तीन महिन्यांचा अंगठा देऊन आल्याचे लक्षातही येत नाही.

ठसा खरोखरच जुळत नसेल, तर हात साबणाने धुऊन कोरडे करावेत आणि दुसरे बोट देऊन पाहावे, कारण आधारमध्ये दहाही बोटांचे ठसे असतात आणि मधले किंवा अनामिकेचे बोट अंगठ्यापेक्षा कमी झिजलेले असू शकते. ज्या दुकानांत डोळ्यांच्या बुबुळावरून ओळख पटवणारे यंत्र आले आहे, तिथे बोटांचा प्रश्नच उरत नाही. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी मागवण्याची सोय असेल, तर तो क्रमांक कोणाचा आहे हे आधी पाहावे. पुष्कळ घरांत तो मुंबईतल्या मुलाचा असतो, आणि मग भरदुपारी मुलाला फोन करून ओटीपी विचारण्याची आणि दुकानातल्या रांगेसमोर तो मोठ्याने सांगण्याची वेळ येते. घरात राहणाऱ्या माणसाचाच क्रमांक जोडून घेतला, तर हा प्रसंग टळतो. बोटे कायमची झिजली असतील, तर आधार केंद्रात ठसे नव्याने नोंदवून घ्यावेत.

या खटपटीत एका गोष्टीकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे. अनेक ठिकाणी एकाच टेबलावर रेशनचे ई-पॉस आणि बँकेतून पैसे काढून देणारे आधार-यंत्र अशी दोन्ही मशीन असतात, आणि दोन्हींना अंगठाच लागतो. 'हे चालत नाही, त्याच्यावर ठेवून बघा' असे कोणी म्हटले तर बोट मागे घ्यावे. फरक ओळखणे सोपे आहे : आधारवरून पैसे काढण्याच्या व्यवहारात बँकेचे नाव निवडावे लागते आणि रक्कम घालावी लागते, तर रेशनच्या व्यवहारात बँकेचा संबंधच येत नाही. पडद्यावर बँकेचे नाव दिसले किंवा 'खाते कुठल्या बँकेत आहे?' असे विचारले गेले, तर तो व्यवहार धान्याचा नाही. या दुसऱ्या मशीनवर ओटीपी लागत नाही, आधार क्रमांक आणि ठसा एवढ्यावर भागते. म्हणून तर उसन्या ठशावरून खाते रिकामे होऊ शकते.

ठशाला कुलूप लावण्याची सोय आधारच्या संकेतस्थळावर आणि आधारच्या अॅपमध्ये आहे, आणि ती मोफत आहे. कुलूप लावल्यावर कोणीही, कुठेही आपल्या ठशाने व्यवहार करू शकत नाही. अर्थात आपल्यालाही रेशन दुकानात करता येत नाही. कुलूप काढायचे विसरून कोणी अंगठा दिला आणि 330 क्रमांकाची त्रुटी आली, तर मशीन बिघडलेले नाही, आपलेच कुलूप आहे असे समजावे. तात्पुरते उघडून धान्य घ्यावे, थोड्या वेळाने ते आपोआप पुन्हा लागते. ज्यांना स्मार्टफोन हाताळता येत नाही अशा एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या ठशाला मात्र मी कुलूप लावून देत नाही. दर महिन्याला ते उघडून द्यायला कोणी नसेल, तर चोराआधी त्या म्हातारीचेच धान्य अडते. त्याऐवजी आधारच्याच संकेतस्थळावर मागच्या सहा महिन्यांत आपला ठसा कधी वापरला गेला याची यादी मिळते, ती घरच्या कोणी तरी दोन-तीन महिन्यांनी पाहावी.

फोनवरून होणारी फसवणूक बहुधा ई-केवायसीच्या, म्हणजे कार्डावरच्या माणसांची आधारवरून ओळख पटवून घेण्याच्या, नावाने येते. 'तुमचे कार्ड आज रात्री बंद होणार, या फाइलवर क्लिक करा' असा व्हॉट्सअॅप संदेश आणि सोबत एपीके नावाची, मोबाइलवर अॅप बसवणारी फाइल आली, तर ती उघडूच नये. ती उघडून परवानग्या दिल्या, तर मोबाइलवर येणारे ओटीपी दुसऱ्याला वाचता येतात. ई-केवायसी रेशन दुकानात ई-पॉसवर विनामूल्य होते, आणि घरूनच चेहऱ्यावरून करायची असेल तर 'मेरा ई-केवायसी' हे सरकारी अॅप प्ले स्टोअरमधूनच घ्यावे. सणासुदीला 'आनंदाचा शिधा'ची नोंदणी म्हणून दुवे फिरतात. 2022 च्या दिवाळीत 100 रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल असा तो संच प्रथम दिला गेला, तेव्हाही तो रेशन दुकानातूनच मिळाला होता. फोनवर आगाऊ शंभर रुपये मागणारा माणूस सरकारचा नव्हे. आणखी एक थाप रोख पैशांची असते. धान्याऐवजी रोख रक्कम देण्याची योजना केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांसाठी छत्रपती संभाजीनगर आणि अमरावती विभागांतले जिल्हे आणि वर्धा अशा 14 जिल्ह्यांपुरती आहे. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग त्यात नाहीत. तेव्हा 'रेशनचे पैसे खात्यात टाकायचे आहेत, ओटीपी सांगा' असा फोन देवगडला किंवा गुहागरला आला, तर पुढचे वाक्य ऐकण्याचीही गरज नाही.

चाकरमान्यांच्या घरांचा प्रश्न निराळा आहे. कार्ड गावचे, माणसे निम्मी मुंबईत, आणि घराला शिमग्यापासून गणपतीपर्यंत कुलूप, ही स्थिती दुकानदाराला आपल्यापेक्षा चांगली ठाऊक असते. 'एक देश एक रेशन कार्ड' योजनेमुळे गावच्या कार्डावरचे धान्य मुंबईतल्या दुकानातही घेता येते, आणि थोडे इथे थोडे तिथे असेही उचलता येते. त्यामुळे नोंदीत अनोळखी दुकान दिसले, तर आरोप करण्याआधी मुंबईच्या भावाला किंवा जावेला फोन करून विचारावे. निम्म्या तक्रारी त्या फोनवरच मिटतात. 'मेरा राशन' या सरकारी अॅपमध्ये आपल्या कार्डावर कोणाकोणाची नावे आहेत तेही दिसते. तिथे भलतेच नाव आढळले तर ते ताबडतोब काढून घ्यावे, आणि लग्न होऊन गेलेल्या मुलीचे किंवा वारलेल्या माणसाचे नाव आपणहून कमी करावे.

एवढे करूनही धान्य गेलेच, तर आधी महाईपॉसवरची नोंद छापून घ्यावी. दुकानदाराशी एकदा बोलावे. चूक असेल तर ती तिथेच सुधारते. न सुधारल्यास तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत पुरवठा निरीक्षकांच्या नावे लेखी अर्ज द्यावा, त्यात कार्डाचा क्रमांक, दुकानाचा क्रमांक, तारीख आणि न मिळालेले किलो एवढेच लिहावे, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्यावी. दुकानदाराच्या स्वभावाविषयी दोन पाने लिहिलेला अर्ज मी पाहिला आहे. त्यात तारीख मात्र नव्हती. फोनवरून तक्रार नोंदवायची असल्यास 1967 किंवा 1800-22-4950 हे क्रमांक आहेत, आणि नोंदवल्यावर मिळणारा तक्रार क्रमांक अर्जावर लिहून ठेवावा. गावात रेशन दुकानावर देखरेख ठेवणारी दक्षता समिती असते, तिची बैठक शेवटची कधी झाली हे ग्रामपंचायतीत विचारले तरी पुष्कळदा दुकानाची घडी सुधारते. तालुक्यात दाद लागली नाही, तर जिल्हा पुरवठा अधिकारी आणि कायद्याने नेमलेले जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहेत.

खात्यातले पैसे गेले असतील, तर मात्र पुरवठा शाखेत वेळ घालवू नये. प्रथम 1930 या सायबर मदत क्रमांकावर फोन करावा, मग बँकेला कळवावे, आणि त्याच दिवशी ठशाला कुलूप लावावे. कार्डाचे पुस्तकच हरवले असेल, तर पोलीस ठाण्यात नोंद करून तिची प्रत दुय्यम कार्डाच्या अर्जाला जोडावी. दरम्यानच्या महिन्यातही बारा अंकी क्रमांक आणि ठसा यांवर धान्य मागता येते, म्हणून तो क्रमांक कार्डाव्यतिरिक्त आणखी कुठे तरी, निदान कॅलेंडरच्या मागे, लिहिलेला असावा.