घर तापतंय? नवा कूलर घेण्याआधी या चुका टाळा

मे महिन्यात रात्री नऊ वाजता खाटेवर उभं राहून स्लॅबला खालून हात लावून पाहा. आमच्या घरी मी लावला, तो लगेच मागे घ्यावा लागला. आंगणात वारा सुटलेला आणि खोलीत नुसती भट्टी. चार-पाच इंची स्लॅब दिवसभर तापतो आणि ती धग रात्री खाली सोडतो. विदर्भात पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा सगळ्यात जास्त ऊन डोक्यावरून घरात शिरतं. आपण मात्र पैसा घालतो खिडकीतल्या कूलरवर.

आधी छत पांढरं करा. एप्रिल उजाडायच्या आत स्लॅब खराट्याने झाडून धुवा, रात्रभर भिजवलेला चुना गाळून त्यात थोडा फेविकॉल घाला आणि ऊन उतरल्यावर दोन हात मारा. भर दुपारी मारलेला चुना लगेच सुकतो आणि त्याचे पापुद्रे निघतात. कळीचा चुना पाण्यात पडला की उकळतो, म्हणून तो लोखंडी ड्रममध्येच भिजवा आणि लेकरांना जवळ फिरकू देऊ नका. तापल्या स्लॅबवर दुपारी बादल्या ओतणं तर सोडाच. पाणी वाफ होऊन जातं आणि स्लॅबला तडे जायची भीती असते.

टिनाच्या घराची गोष्ट वेगळी. वानरं कवेलू, म्हणजे छपरावरची कौलं, फोडतात म्हणून लोकांनी टिना टाकल्या, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. पण कवेलूच्या फटींतून गरम हवा निघून जायची, टिनाने ती वाट बंद केली. मग कोणी टिनाला खालून थर्माकोल चिकटवतं. त्यापेक्षा टिनाखाली फूट-दीड फूट जागा सोडून बांबूचे तट्टे बांधा आणि त्या पोकळीला दोन्ही टोकांच्या भिंतींत जाळीचे झरोके ठेवा. झरोके नसले तर कोंडलेली हवा तापतच राहते. चूल असलेल्या खोलीत थर्माकोल अजिबात नको, तो भसकन पेटतो. टिनावर पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, पसरणंही ठिणगीला आमंत्रण आहे.

आता कूलर. "हवा येते, पण अंग चिकचिक करते," ही तक्रार घरोघरी ऐकू येते. कारण एकच: कूलर खोलीत आणि दारं-खिडक्या बंद. तीच ओली हवा फिरत राहते. कूलर खिडकीबाहेर सावलीत ठेवा आणि समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवा. त्या फटीपाशी उदबत्ती धरा; धूर बाहेर ओढला गेला पाहिजे. मृगाचा पाऊस लागून हवा दमट झाली की पंप बंद करून नुसता पंखा चालवा. कूलरला अर्थिंग हवंच. पाणी भरताना आधी प्लग काढा, दरवर्षी यात जीव जातात.

खिडक्यांची वेळही बहुतेक घरांत उलटी असते: दुपारी उघड्या, रात्री डासांच्या भीतीने बंद. जाळी ठोकून घ्या. दिवस मावळल्यापासून सकाळी आठपर्यंत सगळ्या खिडक्या उघड्या ठेवा, मग लावून घ्या. पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून तट्टा किंवा हिरवी नेट बांधा. आतला पडदा ऊन काचेतून घरात शिरल्यावर अडवतो, तोवर उशीर झालेला असतो.